लाव्यांच्या पिंजऱ्यातला कूड

मी एक जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटलं की तुम्हाला लगेच पोपट आठवतो, डाळिंबाचे दाणे आठवतात. मित्रांनो, तसलं भाग्य माझ्या कपाळी नव्हतं. मी लाव्यांचा पिंजरा. लावा म्हणजे मूठभर अंगाचा, मातीच्या रंगाचा, उडण्यापेक्षा पळण्यात पटाईत असा रानपक्षी. ज्वारीच्या ताटांत दडून बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसायचा नाही. असा गरीब जीव दुसऱ्या गरीब जिवाचं डोकं फोडतो, हे सांगून कुणाला पटत नाही. मी ते पाहिलं आहे. अजूनही वाऱ्यानं माझं दार वाजलं की मला वाटतं, आत कुणीतरी कुणाला टोचतंय. आत कुणी नसतं, तरी मला भीती वाटते.

माझा जन्म केजचा. एका बुरुडानं हिरव्या बांबूच्या कामट्या काढून मला विणलं. छप्पर मात्र त्यानं सुताच्या जाळीचं केलं. लावा घाबरला की सरळ वर उसळतो, आणि वर बांबू असला तर कपाळमोक्ष ठरलेला. त्या वेळी आमच्याकडे मोगलाई होती, निजामाचं राज्य. मोमिनाबादच्या एका जमादाराला बटेर लढवण्याचा नाद होता. बटेर म्हणजे लावाच, फक्त उर्दूतला. त्याच्या घरी माझ्यात एका वेळी एकच पक्षी राही. त्याला राळे मिळत, मला रेशमी गोंडा मिळाला, आणि येणारे-जाणारे दोघांनाही 'वाहवा' म्हणत. पुढे जमादाराची बदली झाली. हातोहात फिरत मी घाटनांदूरला विरुपाक्ष वाण्याच्या दुकानात आलो. तिथं माझ्यात वाळल्या मिरच्या ठेवू लागले. कालचा गोंडा, आजची मिरची. दिवस फिरले की तक्रार कुणाकडे करायची?

दुकान पुढं आणि घर मागं. मधल्या दाराच्या तुळईला मी टांगलेला, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू येई. घरात माणसं तीनच. विरुपाक्ष, त्याची बायको नीलम्मा आणि त्यांची मुलगी शिवकांता. घर लिंगायताचं, शुचिर्भूत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या घराच्या दोन गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे, 'वेगळा' हा शब्द तिथं कुणी उच्चारत नसे. डाळीतले खडे 'बाजूला' काढायचे, सणाची भांडी 'निराळी' ठेवायची. एखादं गिऱ्हाईक सहज म्हणून गेलं, "गूळ वेगळा बांधा," की आत नीलम्माच्या हातातलं उलथनं खाली पडे.

दुसरी गोष्ट म्हणजे, नीलम्मा नवऱ्याशी बोलत नसे. ती माझ्याशी बोले. "पिंजऱ्या, भाकर वाढलीय म्हणावं." विरुपाक्ष दोन हातांवर बसलेला असे. तोही माझ्याकडेच बघून म्हणे, "पिंजऱ्या, कालवणात मीठ न्हाई, पण गोड लागतंय म्हणावं." नवराबायकोच्या मधला मी टपालवाला. शेजारपाजारचे हसत. मला हसू येत नसे.

याचं कारण मला शेजारणींच्या बोलण्यातून कळलं. प्लेगच्या साली गावात उंदीर पडू लागले आणि पटेलानं दवंडी पिटली. सगळं गाव घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिलं. तिथं या दोघांचा थोरला मुलगा सिद्धलिंग, म्हणजे सिदू, तापला आणि त्याच्या काखेत गाठ आली. शिवकांता तेव्हा अंगावर पिणारी. विरुपाक्षानं सिदूला उचललं आणि ओढ्यापलीकडं एका कुडाच्या झोपडीत नेऊन ठेवलं. नीलम्माला येऊ दिलं नाही. काही दिवसांनी तो एकटाच परत आला. "माझ्या लेकराला वेगळं ठेवलंत," एवढंच ती म्हणाली. ते तिचं नवऱ्याशी शेवटचं बोलणं.

एका बाजारच्या दिवशी सटवा नावाचा फासे लावणारा माणूस लावे विकायला दुकानासमोर बसला. त्यातला एक नर मान ताठ करून ओरडला. दोनच सूर, एकाला जोडून दुसरा. तुम्ही-आम्ही ऐकलं असतं तर शीळ म्हणालो असतो. नीलम्मा आतून धावत बाहेर आली.

"नाव घेतलं त्यानं," ती म्हणाली. "सिदू म्हणला. ऐकलंस का गं शिवे? सिदूच बोलतंय माझं."

तिनं सटव्याजवळचे सगळे लावे घेतले. गावानं वाखाणणी केली, नीलम्मानं कढईत जाणारे जीव वाचवले म्हणून. माझ्या पोटातल्या मिरच्या गेल्या आणि पुन्हा पाखरं आली. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, रिकाम्या पिंजऱ्याला पाखरांचा मोह असतोच.

त्या ओरडणाऱ्या नराचं नाव सिदू पडलं. एका भित्र्या मादीला शिवकांता चिमी म्हणू लागली. आणखी दोन-तीन माद्या होत्या आणि एक दुसरा नर होता. पहिले दिवस शांततेत गेले. मग सिदूनं त्या दुसऱ्या नराचा पिच्छा धरला. दाण्यापाशी गेला की टोच, पाण्यापाशी गेला की टोच, कोपऱ्यात गेला की पाठीवर चढून डोक्याची पिसं उपट. आणि एकदा का रक्त दिसलं की लाव्यांची जात काही बघत नाही, मित्रांनो. ज्यांचं भांडण नव्हतं तेही त्याच जागी टोचू लागतात. सकाळी तो नर माझ्या तळाशी आडवा पडला होता.

"पिंजऱ्या, मांजराचं काम हाय म्हणावं," नीलम्मा म्हणाली. माझं दार तर घट्ट लावलेलं होतं.

पुढच्या बाजाराला तिनं आणखी एक नर आणला. सिदू एकटा पडतो म्हणून चिडतो, त्याला सोबत हवी, असं तिला वाटे. सटव्यानं हात जोडून सांगितलं, "माय, नर नराला सोसत न्हाई. माद्या ऱ्हाऊ द्या, नर येकच ठेवा." तिनं ऐकलं नाही. तोही नर गेला. त्याच्यामागून तिसरा गेला. ज्या कोपऱ्यात ते मेले त्या कोपऱ्यात बाकीची पाखरं पाय टाकेनाशी झाली. दाणे तिथं पडले तरी तसेच राहत. आणि त्या कोपऱ्याकडे तोंड करून सिदू मान ताठ करी आणि हाक मारी. नीलम्मा कामं टाकून ऐकत बसे. चुलीवर दूध उतू जाई.

विरुपाक्ष बिचारा आपल्या परीनं झटत होता. त्यानं माझ्यावर घोंगडं टाकून आत अंधार केला. काळोखात पाखरं निवतात, पण घोंगडं काढलं की पुन्हा तेच. त्यानं कडब्याच्या लहान पेंढ्या उभ्या केल्या, म्हणजे मार खाणाऱ्याला दडायला जागा. दाणा दोन ठिकाणी ठेवला, अंग घोळायला ताटलीत राखमाती ठेवली. भांडण कमी झालं, पण थांबलं नाही. नर मेले होते, आता राग माद्यांवर निघू लागला. शेवटी त्यानं कामट्यांचा एक कूड विणला, मला मधोमध आडवा बसेल असा. तो कूड पाहताच नीलम्माचा चेहरा पांढरा झाला.

"पिंजऱ्या," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, कूड घालायची लई हौस हाय तुमाला. येकदा घातला तेवढा पुरा झाला."

तिनं तो कूड चुलीत घातला आणि त्या जाळावर भाकरी भाजल्या. त्या भाकरी कुणालाच गेल्या नाहीत.

मग ती दुपार आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चिमीच्या डोक्यावरचं कातडं निघालं होतं, एक डोळा मिटला होता, आणि ती पेंढीत तोंड खुपसून पडली होती. सिदू तिच्यावरून उतरत नव्हता. शिवकांतानं माझं दार उघडून आत हात घातला. त्यानं तिचं बोटही फोडलं. ती ओरडली नाही. चिमीला तिनं ओच्यात घेतलं आणि आईपुढं जाऊन उभी राहिली.

"अव्वा, ह्याला वेगळा ठेव."

घरात तो शब्द पडला. नीलम्माचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"दादा हाय तो तुझा," ती म्हणाली. "त्याला पुन्यांदा येकटं कोंडू म्हणतीस?"

शिवकांताला दादा आठवत नव्हता. त्यामुळे तिनं जे विचारलं ते साध्या मनानं विचारलं. "दादा तुला काय म्हणायचा गं?"

"अव्वा म्हणायचा. दुसरं काय म्हणंल?"

"मंग हा अव्वा कावून म्हणत न्हाई? हा तर सिदू सिदू म्हणतो. सोताचंच नाव घेऊन कुणी वरडतं का? ह्याचा बी सिदू हरवला असंल, अव्वा. हा त्याला हुडकत असंल."

नीलम्मा खाली बसली. तेवढ्यात माझ्यातून पुन्हा ते दोन सूर उठले. मी तिच्याकडेच बघत होतो. इतके दिवस ती हाक ऐकताना तिचा चेहरा हसरा होत असे. आता तिच्या अंगावर काटा आला.

"मी अशीच वरडत व्हते," ती हळूच म्हणाली. "वढ्याच्या ह्या अंगाला उभी ऱ्हाऊन. अशीच."

बोलणं ऐकून विरुपाक्ष दुकानातून दारात आला होता. नीलम्मानं वर पाहिलं. ती आता 'पिंजऱ्या' म्हणेल म्हणून मी सवयीनं तयार राहिलो. ती माझ्याकडे वळलीच नाही.

"त्यानं मला हाक मारली का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

विरुपाक्षानं चौकटीला हात लावला. "मारली."

"मंग मला कावून न्हाई बोलावलं?"

"शिवी अंगावर पीत व्हती. तू आली असतीस तर दाराशी थांबली नसतीस. तू गेली असतीस, पोरगी बी गेली असती."

"लेकरू माझं येकटं गेलं."

"येकटं न्हाई गेलं," विरुपाक्ष म्हणाला. "वेगळं व्हतं, पर येकटं न्हवतं. कुडाच्या भायेर मी बसलतो. कुडातून बोट आत घातलं व्हतं, ते त्यानं धरलं व्हतं. अन् तुझी हाक यायची तिथवर. म्हणला, आप्पा, अव्वा बोलावती. मी म्हणलं, व्हय रे बाळा, हाय तिथंच. मंग निजला."

शिवकांताच्या ओच्यातली चिमी धापा टाकत होती.

"येवढे दिस सांगितलं कावून न्हाई तुमी?"

"तू इचारलंस कवा?" तो म्हणाला. "पिंजऱ्याला सांगावी अशी गोष्ट न्हवती ती."

त्या दिवशी नीलम्मा जशी रडली तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, चिमीच्या डोक्याला हळद लावली आणि म्हणाली, "दुसरा कूड करा. फटी बारीक ठेवा. चोच जाऊ ने, पर दिसलं पायजे."

कूड तिनं स्वतःच्या हातानं माझ्यात बसवला. एका बाजूला सिदू, दुसऱ्या बाजूला माद्या. चिमी बरी होईपर्यंत शिवकांताच्या टोपलीखाली राहिली. सिदूनं आधी कुडावर धडका मारल्या, खालून-वरून वाट शोधली, मग दमून हाका सुरू केल्या. पलीकडून एक मादी बारीक आवाजात बोलली. तोही हळूहळू तिच्याजवळ, कुडाला अंग लावून बसू लागला.

पुष्कळ दिवसांनी कूड काढला तेव्हा विरुपाक्षानं आतल्या पेंढ्या, पाणी, राखमाती सगळं इकडचं तिकडं केलं, म्हणजे जागा सगळ्यांनाच नवी व्हावी आणि मालकी कुणाचीच राहू नये. दुसरा नर त्या घरात पुन्हा आला नाही. सिदू अगदी संत झाला असं मात्र समजू नका. मधूनच त्याचं डोकं फिरे, आणि मग कूड पुन्हा घालावा लागे. चिमीचा तो डोळा उघडला नाही. तीन नर मेले ते मेलेच. त्यांचा कोपरा मला अजून जड वाटतो.

मात्र कूड घातलेला असला आणि सिदूनं हाक मारली की नीलम्मा हातातलं काम घेऊन माझ्याखाली येऊन बसे. "हाय रे, हितंच हाय," ती म्हणे. कुणाला म्हणे ते मी कधी विचारलं नाही. नवऱ्याशी ती बोलू लागली, बोलू काय, चांगली कडकडून भांडू लागली. माझं टपाल बंद झालं. नोकरी गेल्याचा असा आनंद फार थोड्यांना झाला असेल.

ती पाखरं गेली, ती माणसं गेली. आता मी माळ्यावर पडून आहे. वाळवीनं एक बाजू खाल्ली आहे, सुताची जाळी विरली आहे. खाली अंगणात तुमचा आवाज येतो म्हणून एवढं बोललो.

मित्रांनो, मुके जीव पाळायचे तर त्यांच्या स्वभावानं पाळा, आपल्या दुःखानं पाळू नका. दोन नर एका जागी कोंडू नका. पळायला जागा द्या, दडायला आडोसा द्या. आणि एकानं दुसऱ्याचं रक्त काढलं तर मध्ये कूड घालायला लाजू नका. त्यात दोघांचंही भलं असतं. पण कूड घातलात, की काम झालं म्हणून उठून जाऊ नका. ज्याला वेगळं ठेवलं आहे, त्याच्या कुडाशी थोडा वेळ बसा. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत जाऊ द्या.