फुकटाची हद्द

तुमसरहून कटंगीला जाणारी एसटी हद्दीवरच्या पुलाअलीकडे चहाटपरीपाशी थांबते, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा फुकट प्रवास तिथे संपतो. पुढे मध्य प्रदेश. तिथे पूर्ण तिकीट. कंडक्टर भुपेंद्र हे रोज सांगतो आणि रोज कुणीतरी त्याच्याशी भांडतं, जशी काही हद्द त्यानेच आखली आहे.

गिरजाबाई मात्र भांडत नसत, निमूट उतरत. पलीकडच्या गावाहून त्यांची धाकटी बहीण पार्वताबाई पायी येई. दोघी टपरीच्या बाकावर बसून बोलत आणि परतीच्या गाडीने गिरजाबाई घरी. पूर्वी मुलगा अमर बहिणीच्या दारापर्यंतच्या तिकिटाचे पैसे देई. प्रवास फुकट झाला आणि त्याने हात आखडता घेतला. "आता तं सरकारच नेते तुले," म्हणे. सरकार कुठवर नेतं, हे त्याने कधी विचारलं नाही.

त्या दिवशी बाक रिकामा होता.

"पार्वताबाई पडली, आजी," टपरीवाला म्हणाला. "खुब्याचं हाड मोडलं. खाटेवरच हाये. आता तिचं काई येनं होत नाई."

गिरजाबाई बसच्या पायरीशीच उभ्या राहिल्या आणि भुपेंद्रकडे वळल्या. "बापू, एकाच मायच्या पोटच्या आमी. इकडं मी फुकट, अन् पूल ओलांडला का नाई. काहून?"

दिवसभर बोलून भुपेंद्रचं तोंड दुखत होतं. "ही सवलत आपल्या सरकारनं देल्ली, आजी. आपल्या तिजोरीतून. तिकडचं सरकार तिकडच्यायचं पाहाते. थे काई तुमचं मत मागाले येत नाई. मंग तुमचं तिकीट कायले भरन?"

"बराबर हाये," त्या म्हणाल्या.

बरोबर होतंच. तेच सांगून सांगून तो थकला होता.

गाडीतले लोक कुरकुरू लागले. भुपेंद्रला राहवेना. "चाला, बसा. मी काढतो तुमचं तिकीट."

"आज तू काढशीन. येताना कोन काढन?"

असं म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली. आत घड्या पडून मऊ झालेल्या नोटा होत्या. त्या पाहून भुपेंद्र चिडलाच. "पैसे होते तं इतके दिवस इथं काहून उतरत होत्या?"

"हे बहिनीच्या मातीले जान्यासाठी ठेवले होते," गिरजाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी अमरपुढं हात पसराचा नव्हता मले."

"मंग आता?"

त्यांनी नोटा त्याच्या हातात दिल्या आणि पायरी चढल्या.

"त्या दिवशी पार्वता बोलनार हाये का माह्यासंग? काढ, पुरं तिकीट काढ."