ब्रिनवर हक्क कुणाचा

वेंडेलने टॅक्स रिटर्न पाठवलं आणि त्याची रात्रीची भांडी घासून व्हायच्या आत ते परत आलं. संगणकावर लाल अक्षरांत कारण दिलं होतं. तुमच्यावर अवलंबून म्हणून ज्या मुलीचं नाव तुम्ही लिहिलंय, तिने स्वतःचं रिटर्न आधीच भरलंय आणि आपण कुणावरही अवलंबून नाही असं कळवलंय.

ती मुलगी म्हणजे ब्रिन, त्याच्या बायकोची पहिल्या लग्नाची. पहिलीत असल्यापासून त्याच्याच घरात वाढलेली आणि आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिथल्या मेसमध्ये ती ताटं उचलायची, त्या पगारातून कापलेला थोडासा कर परत मिळावा म्हणून तिने फोनवरच फॉर्म भरून टाकला होता.

वेंडेल हिवाळाभर अमेरिकेतल्या ईरी शहराच्या रस्त्यांवर बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. बोलायचा असा, की जणू शब्दागणिक पैसे पडतात. एखाद्या शहाण्या माणसाने पोरीला फोन लावून 'हे काय केलंस' विचारलं असतं. याने संगणक बंद केला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

कॉलेजच्या फीपोटी पालकाला करात अडीच हजार डॉलरपर्यंत सूट मिळते, ती आता हातची जाणार होती. त्याचं वाईट वाटलं नाही म्हणणं खोटं होईल, कारण छप्पर गळत होतं. पण खरी लागली ती लाल ओळ. त्याची बायको रोशेल वारून दीड वर्ष झालं होतं. ती होती तोवर तो पोरीचा कुणीतरी होता. दत्तक घ्यायचं मनात होतं, पण खऱ्या बापाची सही आणायला ॲरिझोनात जाणार कोण, म्हणून ते राहून गेलं ते गेलंच. पोरीने आता हिशेब मिटवला, असं त्याने धरून टाकलं.

मार्चमधल्या सुट्टीला ब्रिन शुक्रवारी घरी आली. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस होते, त्यात शुक्रवारी मांस चालत नाही पण मासे चालतात, म्हणून दोघं चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला गेले.

"उद्या लायब्ररीत जायचंय," वेंडेल म्हणाला. "रिटर्नचं आहे."

"माझं भरून झालंय."

"माहितीये."

एवढं बोलून त्याने आपल्या ताटातले पिएरोगी, उकडलेल्या करंज्यांसारखे, तिच्या ताटात सरकवले. बटाट्याचं सारण तिला आवडायचं. ब्रिनने त्याच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. गप्प बसायचं ती त्याच्याकडूनच शिकली होती.

लायब्ररीत शनिवारी फुकट रिटर्न भरून द्यायला मिसेस डॉब्रिक बसायच्या. शाळेत पोहणं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आवाज अजूनही तलावाच्या त्या टोकाला पोचेल असा होता. त्यांनी लाल ओळ वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोर्चा ब्रिनकडे वळवला.

"काय गं, तुझा खर्च कोण करतं?"

"घरूनच होतो. थोडी स्कॉलरशिप आहे."

"सुट्टीत राहतेस कुठे?"

"घरी. वेंडेलकडे."

"मग कुणावर अवलंबून नाही असं कसं लिहिलंस? वारा पिऊन जगतेस?"

वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे वर बघायला लागले. ब्रिनचे कान लाल झाले.

"फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुझ्यावर हक्क सांगू शकेल असं कुणी आहे का," ती हळूच म्हणाली. "मी कितीतरी वेळ बघत बसले. आई असती तर हो म्हटलं असतं. याने काही मला दत्तक घेतलेलं नाही. म्हटलं, आई गेली, आता याच्या गळ्यात कशाला पडायचं. मोकळं करावं त्याला."

"मला वाटलं, तुलाच मोकळं व्हायचंय," वेंडेल टेबलाकडे बघत म्हणाला.

"तू विचारलं का नाहीस?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

"दोघंही धन्य आहात," मिसेस डॉब्रिक म्हणाल्या. "लग्नाने जोडलेलं नातं माणूस गेल्याने तुटत नाही. बायको गेली तरी सावत्र मुलगी ही मुलगीच. मी नाही, कर खातं म्हणतं असं. आता फीचं सांगा. कॉलेजसाठी साठवलेल्या खात्यातून भरली?"

ते खातं रोशेलने उघडलेलं. सलूनमध्ये केस कापताना गिऱ्हाइकांकडून मिळणारी बक्षिसी ती दर शनिवारी त्यात टाकायची.

"खोलीचं आणि जेवणाचं खात्यातून गेलं," वेंडेल म्हणाला. "फीचे चार हजार मी खिशातून भरले."

"शाबास, म्हणजे सूट मिळेल. खात्यातल्या पैशांना आधीच कर माफ असतो, त्यातून भरलेल्या फीवर पुन्हा सूट मिळत नाही. बरेच जण तिथेच फसतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. खातं रिकामं करवेना. तिचं होतं ते."

ब्रिन त्याच्याकडे वळली. "खिशात चार हजार आले कुठून?"

"होते."

"वेंडेल."

"बोट दिली."

"बोट तुझ्या भावाकडे दुरुस्तीला आहे म्हणालास."

"भावाकडेच आहे. त्यालाच विकली."

ब्रिनला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दर उन्हाळ्यात त्या बोटीतून दोघं तळ्यात मासे धरायला जायचे, आणि गळाला किडा लावायची वेळ आली की तो मुकाट्याने तिचा गळ आपल्याकडे ओढून घ्यायचा. ब्रिनने तोंड पुसायला त्याच्याच कोटाची बाही धरली आणि मग सोडलीच नाही.

मिसेस डॉब्रिकनी खोकून घेतलं. ब्रिनचं रिटर्न दुरुस्त करून पाठवता येतं, तिचे परत आलेले पैसे तिचेच राहतात, वेंडेलचं मात्र कागदावर भरून टपालाने जाईल, असं त्यांनी समजावलं. मग ब्रिनचा नवा फॉर्म उघडून तो प्रश्न वाचला.

"तुझ्यावर हक्क सांगू शकेल असं कुणी आहे का?"

"हो."

"कोण?"

खरं तर फॉर्म तिथे नाव विचारत नाही. म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली होती.

"हा," ब्रिन म्हणाली.

"आणि तुम्ही? सांगता हक्क?"

"सांगतो," वेंडेल म्हणाला. रोशेलशी लग्न लागताना पाद्र्याला त्याचा होकार ऐकू न आल्याने पुन्हा विचारावं लागलं होतं, पण हा लायब्ररीच्या दारापर्यंत ऐकू गेला.