पुराव्यात अडकलेली वही

मी एक वही आहे, शंभर पानांची. सध्या कचेरीच्या फडताळात, लाल फडक्यात, पुरावा म्हणून बांधलेली आहे.

मला लिहिलं सास्तूरच्या शरणप्पानं. निजामाच्या राज्यात त्याची शाळा उर्दूत, घर कन्नड, बाजार मराठी. त्यावर इंग्रजी येऊन बसलं आणि सारखे दिसणारे शब्द त्याला छळू लागले. मग त्यानं माझ्यात जोड्या मांडल्या. कॅनन, एक अक्षर जास्त तर तोफ, कमी तर नियम. कोअर म्हणजे पलटण, त्याच्या शेपटीला एक अक्षर लावलं की कॉर्प्स, म्हणजे प्रेत. चार महिने तो औतामागं चालत हे घोकायचा. शेवटी शेवटी तो चुकला की डावा बैल थांबायचा. खोटं वाटेल, पण मी त्याच्या काखेत होते.

त्याला मास्तरकी मिळणार होती. अट एकच, पंचविशीच्या आत मॅट्रिक व्हायचं. त्याला पंचविसावं लागून आठ महिने झाले होते.

सन अठ्ठेचाळीसचा मार्च. दुसऱ्या दिवशी सोलापुरात, निजामाच्या हद्दीबाहेर, इंग्रजीचा पेपर. सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे तळ होते, म्हणून नाक्यावर कसून झडती चालायची. जमादारानं त्याच्या भाकरी सोडल्या आणि मला धरलं.

"ये क्या है?"

"सारखे दिसणारे इंग्रजी शब्द हायत, सरकार. उद्या परीक्षा हाय."

जमादारानं मुन्शी नागप्पाला बोलावलं. नागप्पाला फर्डं इंग्रजी येतं असं सगळा नाका म्हणायचा. तसं नागप्पानंच सांगून ठेवलं होतं. खरं तर त्याला आगपेटीवरचंही वाचता येत नव्हतं. त्यानं माझ्यातले मराठी अर्थ तेवढे वाचले. "तोफ... पलटण... प्रेत."

जमादाराचा चेहरा बदलला. "अंग्रेजी में ऐसाच रहता?"

नागप्पानं नुसतं पान उलटलं. 'मला ठाऊक न्हाय', एवढं त्यानं म्हटलं असतं तर शरणप्पा दिवेलागणीला सोलापुरात असता.

शरणप्पानं हात जोडले. "मुन्शीजी, तुमास्नी तर इंग्रजी येतंय. सांगा की सायबास्नी."

तिथंच घात झाला. चार शिपाई बघत होते.

"येतंय म्हणूनच सांगतोय," नागप्पा म्हणाला. "असे शब्द इंग्रजीत नसतात. ही गुप्त लिपी हाय."

शरणप्पा तुरुंगात गेला. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, तेव्हा सुटला. पंचविशी जुलैतच उलटली होती.

मला न्यायला तो कचेरीत आला. खुर्चीत नागप्पाच होता, फक्त टोपी नवी.

"माझी वही द्या."

"पुरावा हाय. निकाल लागल्याबिगर देता येत न्हाय."

"कसला निकाल? राज्य गेलं की."

"राज्य गेलं, शरणप्पा. खटल्याची मिसल कुठं गेली?" नागप्पानं मला उघडलं, आवाज बारीक केला. "का रे, ही तोफ आन् नियम, खरंच एका अक्षराचा फरक हाय व्हय?"

"व्हय."

"मग तवाच नीट समजावायचं न्हाय का मला?"

शरणप्पा उठून गेला. औतामागं आता तो गप्प चालतो म्हणे.

वाचणाऱ्या, कधी माझी गाठ सोडलीस आणि काही कळलं नाही, तर कळलं नाही म्हण. त्यानं कुणाची अब्रू जात नाही. ते न म्हटल्यानं माझ्या धन्याचा जन्म मात्र वाया गेला.