जाऊन राह्यली होती

शेषरावांच्या कोर्टात साक्षीदार काहीही बोलो, कागदावर उतरायचं ते इस्त्री केलेलं. कारकुनाला मजकूर ते स्वतः सांगत, आणि सांगता सांगता 'मले'चं 'मला' अन् 'काऊन'चं 'का' करून टाकत. मूळचे अकोल्याकडच्या खेड्यातले. पण पुण्याला वकिली शिकताना एकदा 'मले वाटते' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून या माणसानं स्वतःची बोली अशी झाडून काढली की त्यांची आई म्हणायची, "माह्या पोराशी बोलतानी मले कोर्टात उभी राह्यल्यावानी वाटते." आता एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसाला कोण सांगणार, की हसणारी पोरं कधीच विसरून गेली!

१९६६ साली ते बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याला दिवाणी न्यायाधीश होते. त्यांच्यापुढं लोणारजवळच्या बनाबाईचा दावा होता. बाई विधवा, एकच लेक, ती देऊळगाव राजाला दिलेली. लेकीच्या बाळंतपणासाठी बाई घरून निघाली आणि मागं पुतण्या किसनरावानं तिच्या दोन खोल्यांना कुलूप ठोकलं, असं तिचं म्हणणं. किसनराव म्हणे, काकू वर्षापूर्वीच लेकीकडं राहायला गेली, घर मला सोडून गेली. दोन्हीकडच्या साक्षीदारांनी आपापला धडा घोकल्यासारखा म्हटला होता. प्रश्न एवढाच उरला होता, की कुलूप लागलं तोवर बाई त्या घरात राहत होती की नाही. राहत असेल तर घर तिच्या ताब्यात. नसेल तर म्हातारपणी बाई उघड्यावर.

निकाल लिहायला शेषराव रविवारी सकाळी ओसरीवर बसले. साक्ष होऊन तीन महिने उलटले होते, बाईचा चेहराही नीट आठवेना. कागदावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'मी मुलीकडे जाऊन राहिले होते, तेव्हा किसनने कुलूप ठोकले.' खाली बाईचा अंगठा. तिनंच आपल्या तोंडानं कबूल केलं म्हटल्यावर राहिलं काय? शेषरावांना वाईट वाटलं, पण हात चालतच राहिला. 'दावा फेटाळण्यात येतो' इथपर्यंत आल्यावर त्यांनी चहासाठी आत हाक मारली.

"आनून राह्यली!" त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई चुलीपासून ओरडल्या.

चहा काही आला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"आनून राह्यली ना हो! हात दोनच हायेत मले."

"आणतेय म्हणावं," शेषराव सवयीनं म्हणाले, आणि लेखणी तिथंच थांबली.

चहा अजून चुलीवर होता. आनून राह्यली म्हणजे अजून आणलेला नव्हता. मग बनाबाईच्या तोंडचं लेकीकडं 'जाऊन राह्यली होती' म्हणजे जात होती. पोचली नव्हती, वाटेत होती. साक्ष घेताना त्यांना हे कळलंच असणार, लहानपणापासूनची भाषा ती. पण अर्थ तेव्हा त्यांच्या डोक्यात राहिला आणि कागदावर उतरले ते धुतलेले शब्द. बाईचं घर किसनरावानं नुसतं बंद केलं होतं. ते काढून घ्यायला निघाले होते शेषरावच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की आलेला चहा तसाच निवून गेला.

पुढच्या तारखेला त्यांनी बनाबाईला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. किसनरावाचे वकील इंद्रभान ताडकन उठले. "साहेब, रेकॉर्ड स्पष्ट आहे."

"रेकॉर्ड मी बिघडवलंय," शेषराव म्हणाले. "तसं लिहून घ्या."

ते बाईकडं वळले.

"मावशी, किसननं कुलूप लावलं तवा तुमी लेकीच्या घरी होत्या, का रस्त्यानं होत्या?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. शेषरावांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

बनाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "रस्त्यानं होती, बाप्पा! लोणारले येष्टीची वाट पाहून राह्यली होती. शेजारचा सहदेव पळत आला, म्हने घराले कुलूप लागलं. तशीच उलटी फिरली. लेकीचं बाळंतपन बी नाई झालं माह्या हातानं." आणि ती रडू लागली.

उलटतपासणीला इंद्रभान उठले आणि खाली बसले. ते याच मातीतले; बाईच्या बोलण्याचा खरा अर्थ त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

पुढं निवृत्त होईपर्यंत शेषरावांच्या कोर्टात साक्ष बोलली तशीच उतरली. नव्या वकिलांना ते बजावत, आधी माणसाचं वाक्य लिहा, मग आपली अक्कल चालवा. जिल्ह्यातल्या कितीतरी वकिलांना ती सवय त्यांनीच लावली, आणि त्यासाठी लोक आजही त्यांचं नाव मायेनं घेतात.

बनाबाईच्या दाव्याच्या निकालाच्या दिवशी शेषरावांनी वाचलं, "वादीस सदर मिळकतीचा ताबा देण्यात यावा." वकील उठले, किसनराव तावातावानं निघून गेला. बनाबाई मात्र बोचकं छातीशी धरून तिथंच उभी. तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

"मंग साहेब," ती घाबरत म्हणाली, "मी आता जाऊ कुठं?"

"घरी जा, माय," शेषराव म्हणाले. "तुह्यंच हाय ते."