काचेच्या लेकराचं हाड

फौलादबाबानं हाड वाकवलं आणि मंडपात कुणीतरी किंचाळलं.

कोंबड्याच्या तंगडीचं हाड ते. थोड्या वेळापूर्वी तो कोंबडा जिवंत होता, छोट्या करणच्या वाकड्या पायांवरून ओवाळला होता. मग चेल्यानं तो पडद्यामागं नेला आणि हळदीच्या फडक्यात हाड आणून दिलं. बाबानं ते दोन बोटांत धरून ओल्या सुतळीसारखं गोल केलं.

"देखो, बिड्डा, देखो!" बाबा गरजला. त्याची भाषा हायवेवरच्या ढाब्यासारखी, हिंदी, तेलुगू, वऱ्हाडी सगळं एकाच कढईत. "पोट्ट्याच्या हाडातली नरमाई कोंबड्यानं ओढून घेतली! काऊन नरम होतं? हे लेकरू पोटातलं नाय, काचेतलं हाय! काचेचं हाड वाकणारच!"

काच वाकत नाही, हे नेरडीगोंड्याच्या आसपासच्या चार गावांतून जमलेल्या त्या गर्दीत कुणालाच सुचलं नाही.

मग बाबा करणच्या आईकडं, सुनयनाकडं वळला. आवाज खाली आणला.

"काचेत लई जीव पेरले होते न, माय? तू एकच घरी आणला. बाकीचे कुठी हायेत? बर्फात. भुकेले हायेत ते. याचे हाडं चावून राह्यले. आयकू येते का नाय?"

सुनयनानं करणला पदराखाली ओढलं. कारण ऐकू येत होतं.

"पुढच्या गुरुवारी आण. विळा लाल करू, नडग्यांवर डाग देऊ. तवर दवाखान्याचं तोंड पाहू नोको." बाबानं ते हाड फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं. "बाजेले बांध."

लग्नाला तप उलटल्यावर करण झाला होता. हैदराबादच्या दवाखान्यात, टेस्ट ट्यूबनं. उरलेले गर्भ दवाखान्यानं गोठवून ठेवले होते. इतक्या नवसासायासाचं पोर, त्याला गावाची नजर लागू नये म्हणून सासूनं, रुक्माबाईनं, त्याला मधल्या खोलीतच ठेवायला लावलं. उन्हात नेलं तर सावली पडते, सावलीवरून कुणी गेलं की लेकरू खुरटतं, असं तिचं म्हणणं. सुनयनानं स्वतःच्या हातानं खिडकीला गोधडी ठोकली. बाहेर काढलाच, तर टोपडं, मोजे आणि वरून पदर. अडीच वर्षांचं पोर झालं, पण त्याला स्वतःची सावली ठाऊक नव्हती.

त्या खोलीत भर दुपारी तो आवाज यायचा. कर्र. मग शांत. मग परत कर्र, कर्र. करण बाजेवर झोपलेला असायचा. एकदा सुनयनानं हळूच त्याच्या नडगीला कान लावला. आवाज तिथूनच येत होता.

मंडपातून आल्यावर तिनं बाजेखाली वाटीभर दूध ठेवायला सुरुवात केली. बाकीच्यांसाठी.

रविवारी नणंद आली. वृषाली आदिलाबादला शाळेत विज्ञान शिकवते.

"वयनी, हे दूध कोणासाठी? मांजर पाळली का?"

सुनयना सगळं बोलून गेली. वृषाली हसली नाही. तिनं बाजेचं फडकं सोडलं, हाड नाकाशी नेलं.

"ढाब्यावरच्या कांद्यासारखा वास काऊन येते याले?"

"म्हंजे?"

"सिरका, म्हंजे व्हिनेगर! वयनी, हाडात चुना असते. सिरक्यात हाड मुरलं का चुना निघून जाते, राह्यते ते रबर. माह्ये सातवीतले पोट्टे हाच खेळ अंड्यावर करतेत."

"पण कोंबडा तर आमच्यासमोर नेला न!"

"नेला तो चेल्यांनी खाल्ला. हे आधीचं हाड हाय. यावर रक्त पायलं का तू?"

नव्हतं पाहिलं.

"मंग बाबाले काच, बर्फ कसं समजलं?" सुनयनानं विचारलं.

चुलीजवळून रुक्माबाईचा बारीक आवाज आला. "रांगेतल्या त्या चेल्याजवळ मीच रडली व. लई गोड बोलला मुडदा."

त्याच दिवशी रश्श्यातलं तंगडीचं हाड सिरक्याच्या ग्लासात पडलं. आणि सोमवारी करणला घेऊन नवरा-बायको आदिलाबादला गेले.

डॉक्टरीणबाईनं एक्स-रे उजेडात धरला. आपल्याकडं ज्याला मुडदूस म्हणतात, तो निघाला.

"मशीनचं लेकरू हाय म्हणून?" सुनयनानं खालमानेनं विचारलं.

"नको अम्मा, तसं नको म्हणू." बाई तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली. "अशा मुलांची हाडं लोकांनी तपासून पायली आहेत. दुसऱ्या मुलांसारखीच असतात. याला औषध देते मी. दूध, अंडं द्या. आणि सांग, हा उन्हात किती राहतो? ऊन नसलं की हाडं नरम पडतात."

 खिडकी, गोधडी, हातोडा, सगळं सुनयनाच्या डोळ्यांपुढं आलं. बर्फातल्या कुणी काही खाल्लं नव्हतं.

गुरुवारी मंडपात निखारे पेटले होते, विळा लाल झाला होता. सुनयना एकटीच आली. हातात ग्लास.

"लेकरू कुठी?" बाबानं विचारलं.

"घरी. उन्हात."

तिनं हाड काढून सगळ्यांसमोर वाकवलं.

"हा कोंबडा माह्या करणवरून कोणी ओवाळला नाय. आमच्या रविवारच्या रश्श्यातला हाय. हाड सिरक्यात ठेवलं होतं."

"पापिणी! भस्म होशील!"

"होईन. पण आंधी तुमचा कोंबडा इथंच कापा. पडदा नोको. हाड मी काढते."

"आज... आज मुहूर्त नाय."

"कोंबडं कापाले बी मुहूर्त लागते काय, बाबा?" मागून गावातले म्हातारे अमृतराव म्हणाले आणि त्यांनी काठीनं पडदाच ओढला. मागं बरणी. आंबूस पाण्यात हाडं, लोणच्यासारखी मुरत पडलेली.

लोक हसले. रांगेतली एक बाई हसली नाही. तिची पोरगी लंगडत होती, तिचा नंबर पुढचाच होता. बाईनं त्या लाल विळ्याकडं पाहिलं, पोरीला कडेवर घेतलं आणि चालू पडली.

घरी सुनयनाच्या नवऱ्यानं, पंढरीनं, बाज अंगणात काढून आपटली. बाजेच्या पायातून पिठासारखा भुसा गळला, मागून एक काळा भुंगा पडला.

"घे व. हे तुह्ये बर्फातले लेकरं. लाकूड पोखरून राह्यले होते."

सुनयना हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बाजेखालची वाटी तिनं घासली. तिच्यातूनच आता करण दूध पितो.

करणचे पाय एका दिवसात सरळ झाले नाहीत. औषधाला वेळ लागतो. लगेच होतो तो फक्त पडद्यामागचा खेळ. म्हणून एकच सांगणं. लेकरू कसं जन्मलं हे विचारत बसू नका, ते उन्हात खेळतं का ते विचारा. पाय वाकले तर डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर आधी त्याचा पडदा बाजूला करा.

पहिल्या दिवशी करण आपल्या सावलीला घाबरला, मग तिला थापट्या मारू लागला. रुक्माबाई पाण्याची बादली घेऊन आली. सावली अंगणभर आडवी पडलेली, वाटच नव्हती. म्हातारी थांबली. नातवाकडं पाहिलं.

"आजी, ये," करण म्हणाला.

रुक्माबाईनं डोळे मिटले आणि सावलीवरून पाय टाकला.