वाळूतली बिटं

प्रगतीला सातवा महिना लागला होता आणि अंगात रक्त कमी. डॉक्टरीणबाईंनी बीट खायला सांगितलं. पण मार्गासनीसारख्या खेड्यात ते रोज कुठून आणायचं? सुनेचे फिकट ओठ बघून मंगल भेटेल त्याला बीट कुठं मिळतं ते विचारायची. तिच्या धाकट्या भावाला, कामथडीच्या गोरखला हे कळलं, तसं त्यानं शेवटच्या काढणीचं बिटांचं पोतंच टेम्पोतून धाडलं. त्याच्या रानात आता बीट उरलं नव्हतं.

मंगलनं मायेनं अर्धी बिटं घासून धुतली, पाला बुडापासून छाटला आणि आंब्याची आढी घालावी तशी भाताच्या पेंढ्यात रचली. भातकऱ्याचं घर, जपायचं म्हणजे पेंढ्यात, एवढंच तिला ठाऊक.

चार दिवसांनी पेंढा उचलला, तर बिटं सुरकुतलेली, काहींवर बुरशी. मंगलनं तशीच भावजयीला मोबाईल लावला.

"सोनिया, पेंढ्यात ठिवलेली बिटं नासली गं. आता पोरीला काय घालू?"

"धुतली व्हय, वन्सं?"

"मग काय मातीसकट ठिवू?"

"मातीसकटच ठिवायची. पेंढ्यात घालून काय पिकायची वाट बघत व्हता?"

मंगलला रडता रडता हसू फुटलं. "अर्धी पोत्यात हायेत. हात लावला न्हाई."

"मग रडताय कशाला? पाला काढा, पर बोटभर देठ ऱ्हाऊ द्या. शेपटी तोडू नगा, रंग गळतो. ओलसर वाळूत पुरा, एकाला एक लागू देऊ नगा. सुरकुतलेल्यांतली बिनबुरशीची बघून गार पाण्यात टाका, आधी तीच खावा."

मंगलनं घमेलंभर वाळू आणली, पाणी शिंपडलं आणि मोरीजवळच्या गारव्यात जुन्या माठात एकेक बीट निजवलं. मग रोज सकाळी ती वाळूत हात घालायची. गार, टणक बीट हाताला लागलं की तिचा जीव सुखावायचा. कधी कोशिंबीर, कधी थालीपीठ. प्रगती सासूला म्हणायची, "आत्या, बाळ तांबडंच निघंल आता." पण ताटलीत काही ठेवायची नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त चांगलं वाढलंय. मंगलनं दवाखान्याच्या पायरीवरूनच गोरखला फोन लावला.

"अक्का, बोल की."

"पोरीचं रक्त वाढलं," मंगल म्हणाली आणि ओवीच तिच्या ओठांवर आली:

"कामथडीच्या शिवारी, माझ्या बंधवाची शेती,
माझ्या सुनेच्या गालाला, रंग देते त्याची माती."

पलीकडून गोरख म्हणाला, "बारशाला बी हीच म्हणशील व्हय?"

"तवा नवी," मंगल म्हणाली, आणि प्रगतीचा हात धरून एसटीकडं चालू लागली.