ओढून बघावा असा सांधा

आधी माझ्या तोंडासमोरून बाजूला व्हा, मग बोलू. मी गरम हवेची गन. प्लॅस्टिकच्या शीट जोडून टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझं उभं आयुष्य गेलं. माझ्या पोटात तार तापते, मागून हवा येते आणि तोंडातून बाहेर पडते. जोडणारा हात माणसाचा, तेव्हा चुकाही माणसाच्याच. आळ मात्र माझ्यावर!

मला खरं ओळखलं ते वहिनींनी. कारखाना त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या दिराचा. वहिनी आधी कडा तासायच्या, वरची मळकी कातडी खरवडायच्या, मग शीट ज्या जातीची त्याच जातीचा रॉड घ्यायच्या. रॉड म्हणजे प्लॅस्टिकची जाडसर दोरीच. मला शीट आणि रॉड दोन्हींवर सारखं झुलवायच्या आणि दोन्ही मऊ झाले की रॉड दाबत पुढं सरकायच्या. काम झालं की आधी तार बंद. हवा मात्र मी गार होईपर्यंत चालू. असं जपणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

भावजींचा सगळा कारभार घाईचा.

एकदा अ‍ॅसिडची टाकी करायची होती. वहिनींचे यजमान जिथं नोकरीला, त्याच कारखान्यात ती जाणार होती. दिवसभर त्यांना तिच्या शेजारीच उभं राहायचं होतं. शेवटचा सांधा राहिला होता आणि दारात टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. वहिनी फोन घ्यायला गेल्या तेवढ्यात भावजींनी मला उचललं आणि सगळा शेक रॉडलाच दिला. शीट थंडच. मी फुसफुसत राहिले, पण माझं ऐकतो कोण! सांधा दिसायला मात्र असा देखणा, की भावजी स्वतःवरच खूश.

"बघ वहिनी, आहे कुठं खोट?"

वहिनींनी पक्कड घेतली, रॉडचं सुटं टोक धरलं आणि ओढलं. उसवलेल्या शिवणीचा दोरा निघावा तसा अख्खा रॉड हातात आला.

भावजींचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, पण टेम्पोवाला..."

"थांबेल तो. भावजी, तिथं तुमचे दादा उभे असतात हो!" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मला परत भावजींच्याच हातात दिलं. भावजींनी पुन्हा खरवडलं, शीट नीट तापवली, दमानं दाबलं. गार झाल्यावर स्वतःच पक्कड लावून ओढलं, तोंड लाल होईस्तोवर. रॉड ताणला, तुटला, पण सांध्यातून हलला नाही. मग टाकी गेली.

आता माझी तार जळलीय. मी फळीवर पडून असते आणि खाली नवी गन फुरफुरते. मला मोडीत घाला, तक्रार नाही. फक्त सांधा नुसता बघून पास करू नका, एवढंच मागणं.

भावजी अजून ओढून बघतात. परवा एक गिऱ्हाईक वैतागलं, "अहो, ही टाकी मी पुढं विकणार, तिथं माझ्या ओळखीचंसुद्धा कुणी नाही. कशाला एवढं?"

"कुणाचा तरी दादा असेलच की," भावजी म्हणाले आणि पक्कड लावली.